पडद्यावर आलेली रेशमा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना तोंडावर हसणारी बाई आहे मी. आजही हसते. पण हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि कुणी वेड्यात काढलं म्हणून शब्द मागे घेणार नाही.

आम्ही कोल्हापूरचे, गंगावेशीतले. घरी म्हशी. दिवाळी पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. मालक मोटरसायकलवरून हात वर करून हाक मारतो आणि म्हैस मागे पळते. आमची रेशमा माझ्या नवऱ्यामागे अशी पळायची की लोक शिट्ट्या मारायचे. ते वारले, आणि माझ्या हाकेला ती कानसुद्धा हलवेना.

दीर म्हणाले, "वैनी, बाईमाणसाच्या हाकंला म्हस येत न्हाय. उद्या गिऱ्हाईक येतंय, दिऊन टाकूया." नवऱ्याची शेवटची आठवण दावणीतून जाणार म्हणून मी आतून नुसती जळत होते.

त्याच संध्याकाळी पंचगंगा घाटावर लाइट आर्टचा फेस्टिव्हल होता. सासूबाईंनीच मला ओढून नेलं. जुन्या दगडी देवळांवर रंग खेळत होते... एका मोठ्या पडद्यासमोर उभं राहिलं की आपली सावली रंगीत होऊन उमटायची. मला काय सुचलं कोण जाणे — मी नवऱ्यासारखा हात वर केला आणि भर गर्दीत ओरडले, "ये गं रेशमाऽऽ!"

पडद्याच्या कडेने म्हशीची सावली पळत आली. डावं शिंग खाली वळलेलं, थेट आमच्या रेशमासारखं. माझ्या सावलीला येऊन खेटली आणि थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे वळून पाहिलं... मागे नुसती माणसं, म्हैस कुठेच नव्हती.

"आत्ती, दिसलं?" मी सासूबाईंना विचारलं.

"दिसलं की! आपली रेशमाच हाय ती!"

पडद्याजवळच्या माणसाला मी विचारलं, ही म्हैस तुमचीच ना? तो हसला. "ताई, म्होरं जे हुबं ऱ्हाईल त्येचीच सावली पडती. म्हस कुठनं आणू?"

घरी आलो तर रेशमा दाव्याला, गाठ जशीच्या तशी. आणि धापा टाकत होती! दीर चक्रावलेले. "आत्तापतूर गप रवंथ करत हुती की..."

सासूबाई दिरांना म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला न्हाय म्हणून सांग. म्हस हिच्या हाकंला येती."

पाडव्याला नवऱ्याची गाडी मीच काढली. हसायला बरेच जमले होते. मी हात वर केला, हाक मारली... रेशमा पळाली.

त्या संध्याकाळचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. तुमच्याकडे असेल तर खुशाल सांगा, ऐकून घेईन. पण बाईच्या हाकेला म्हैस येत नाही, हे मात्र मला सांगायचं नाही.