तोंडावरचा तळहात

पुण्याजवळ वाकडला मुलाच्या घरी आलो की माझी दुपार गॅलरीतल्या खुर्चीत जाते. सातव्या मजल्यावरून खालची दुनिया मुकी वाटते. गाड्या येतात, दारं उघडतात, माणसं उतरतात, पण बोलणं वर पोचत नाही. काल मात्र एक शाळकरी पोरगी खाली येऊन उभी राहिली, दप्तर पायाशी टाकलं, मान वर केली आणि हाक मारली, "आईऽऽ, किल्ली टाक!" ती हाक मजल्यामागून मजला चढत वर आली, समोरच्या इमारतीवर आपटली आणि परत फिरली. दोनचार खिडक्या उघडल्या. कुणी रागावलं नाही. पोरगी कमरेवर हात ठेवून, आपला हक्कच आहे अशी, वाट बघत उभी. आणि इकडे माझा उजवा हात माझ्याही नकळत उचलला गेला आणि माझ्या तोंडावर येऊन बसला. ओरडली ती, आणि तोंड झाकलं मी! घरात कुणी पाहिलं नाही हे बघून मी हात खाली घेतला, तरी कानाच्या पाळ्या बराच वेळ तापलेल्या होत्या.

हा हात माझा नाही, माझ्या वडिलांचा आहे. म्हणजे बसतो माझ्याच खांद्याला, पण सवय त्यांची. आमचं गाव कोकणात, डोंगराच्या पोटात. गावच्या जमिनीचा धनी खोत आणि आम्ही त्याची कुळं. पुढं कायद्यानं खोती गेली म्हणायचे, पण खोताच्या पडवीतला झोपाळा होता तिथंच होता आणि त्यापुढं बोलायची आमची रीतही होती तशीच. खळ्याच्या कडेला उभं राहायचं, मान खाली, तोंडावर हात आडवा, आणि आवाज असा की समोरच्यानं ऐकायचं ठरवलं तरच ऐकू यावा. ही गोष्ट खोती जायच्याही आधीची, मी सहासात वर्षांचा असेन. आबा खोताच्या खळ्यात भात झोडत होते आणि मी त्यांची भाकरी घेऊन गेलो होतो. दुरूनच ओरडलो, "आबाऽऽ, भाकर आनलीय!" झोपाळ्याची कडी करकरायची थांबली. खोतानं नुसतं पाहिलं. आबा धावत आले आणि त्यांनी माझ्या तोंडावर तळहात दाबला. पेंढ्याची कुसं चिकटली होती त्या तळहाताला, तंबाखूचा वास होता, आणि तो हात थरथरत होता. मारलं असतं तर विसरलो असतो. थरथर विसरता आली नाही. त्या दिवसापासून माझ्या मनानं एक गणित पक्कं केलं: मोठा आवाज म्हणजे उर्मटपणा, आणि उर्मटपणाची शिक्षा आपल्याला नाही, आपल्या बापाला होते. शाळेत मास्तर धडा मोठ्यानं वाचायला सांगत, तेव्हा मी पुटपुटायचो. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हा घरी वाईट वाटलं. मला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं झालं.

तसा मी घाट चढून वर आलो. गावचा एक जण देहूरोडला कामाला होता, त्याच्या ओळखीनं पिंपरीला, नव्यानं उभ्या राहणाऱ्या औषधाच्या कारखान्यात चिकटलो. एकोणीसशे पन्नासच्या दशकातली ती वर्षं. पिंपरी म्हणजे एका अंगाला सिंधी निर्वासितांची वसाहत, दुसऱ्या अंगाला ज्वारीची रानं, आणि मधे माळावर वर चढत चाललेल्या कारखान्यांच्या चिमण्या. निघताना आबा एवढंच म्हणाले होते, "बाला, बरं वाईट काय व्हईल ता व्हवंदे, पन त्या खल्यात परत उबा ऱ्हाव नुको." ते वाक्य मी पोटाशी बांधून आणलं होतं. काम टिकलं पाहिजे, याशिवाय दुसरा विचार डोक्यात नव्हता. कुणी काही सांगितलं की मी आधी मान डोलवायचो, मग ऐकायचो. कामाला वाघ होतो, बोलायला ससा. लोकांनी माझं नाव 'मौनीबाबा' ठेवलं आणि मला ते गैरसोयीचं वाटलं नाही. मौन हा गुण आहे असं कीर्तनात ऐकलं होतं. भित्रेपणाला एवढं चांगलं पांघरूण फुकट मिळत असेल तर कोण नाही म्हणेल?

आमच्या टोळीचा मिस्त्री वाकडचाच, शेतकरी माणूस. घरची ज्वारी, घरची बैलं, आणि कारखान्याची पाळी. दोन्हीकडं तो सारख्याच दमानं राबायचा. आवाज तर असा की पवना नदीच्या पल्याडच्या माणसाला "चहा पिऊन जा" म्हणून सांगावा. त्यानं मला टाक्यांच्या चाचणीच्या कामावर घेतलं. लोखंडाच्या उंच टाक्या बसवल्या की आधी त्यांत पाणी भरून पंपानं दाब चढवायचा, सांधे धरतात की नाही बघायला. खाली पंप धडधडत असतो, शेजारी पाणी बंद करायच्या झडपेच्या चाकावर एक माणूस. वर लोखंडी जाळीच्या माचीवर दुसरा माणूस दाबाच्या काट्याकडं बघत. काटा चढेल तसं त्यानं वरून ओरडून सांगायचं, आणि तबकडीवरच्या तांबड्या रेघेला काटा लागला की "बंद करा!" म्हणून हाक द्यायची. खालच्यानं तत्काळ चाक फिरवायचं. बस्स, एवढंच काम. शिक्षण लागत नाही, ताकद लागत नाही. नजर लागते आणि गळा.

पहिल्या चाचणीला चाकावर स्वतः साहेब उभे राहिले. तरुण इंजिनियर, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा सदरा, स्वभावानं भला. पण मला वरून त्यांचं डोकं दिसत होतं, आणि आयुष्यात मी कुठल्याच साहेबाकडं वरून पाहिलं नव्हतं. काटा चढू लागला. "चढतोय" म्हणालो, ते माझं मलाच ऐकू आलं. काटा रेघेजवळ आला. आता साहेबाला हुकूम द्यायचा होता. मी. साहेबाला. "बंद करा" म्हणालोही, नाही असं नाही. पण म्हणालो तेव्हा उजवा हात तोंडावर होता. खालून मिस्त्री ओरडला, "आरं, लागला का रेघंला?" तोवर एका सांध्यातलं रबर फाटकन उडालं आणि पाण्याचा फवारा साहेबांच्या इस्त्रीवर. कुणाला इजा झाली नाही. पण भिजलेले साहेब वर बघून म्हणाले, "वर कोण ठेवलाय रे? मुका आहे का?" आणि कुणीतरी मागून हळूच, "न्हाई साहेब, मौनीबाबा हायेत, मौनात हायेत!" सगळे हसले. साहेबांनी सांगितलं की पुढच्या आठवड्यात दुसरी टाकी आहे. तोवर याला जमलं तर ठीक, नाहीतर याला सोडा आणि दुसरा माणूस बघा. त्यांचं काय चुकलं होतं? मी माचीवरून खाली उतरलो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं साहेब नव्हते, पाणी नव्हतं. खळं होतं, आणि त्याच्या कडेला उभा मी.

सुट्टीच्या दिवशी मिस्त्री मला काही न सांगता त्याच्या रानात घेऊन गेला. ज्वारी दाण्यात आलेली, हुरड्याचे दिवस. रानाच्या मधोमध चार मेढींवर बांधलेला माळा. "चढ वर," म्हणाला, "आज राखन तुझी. पाखरं आली की हाकल." गोफण माझ्या हातात दिली नाही. "गोफन मी वापरीन. तू तोंड वापर." थोड्या वेळात चिमण्यांचा थवा आला आणि कणसांवर बसला. मी हात हलवला. चिमण्यांनी दखल घेतली नाही. मी म्हणालो, "उठा... उठा की."

बांधावर गवत कापणारी मिस्त्रीची आई विळा टाकून हसायला लागली. "आगं बया! ह्यो पाखरास्नी अहो-जाहो करतुया! पाट मांडून जेवाय वाढतोस का रं त्यास्नी?"

"आई, तू गप," मिस्त्री म्हणाला, पण तोही हसत होता. मी माळ्यावर बसल्या जागी इतका ओशाळलो की खाली उडी मारून सरळ कोकणच्या वाटेला लागावंसं वाटलं. त्या रानात माझा अपमान करणारं कुणी नव्हतं हे मला कळत होतं, आणि तरी उजवा हात तोंडावर गेलाच होता. तुम्ही कधी असा अनुभव घेतला असेल तर समजेल: डोक्याला कळलेली गोष्ट गळ्याला कळायला फार वेळ लागतो. मनाच्या तळाशी जे बसलेलं असतं त्याला आपलं वय वाढल्याचं कुणी कळवलेलंच नसतं. त्याच्या लेखी आपण अजून सहा वर्षांचेच असतो, हातात भाकरीचं फडकं घेऊन.

मिस्त्री माळ्यावर चढून माझ्याशेजारी बसला. "खरं सांग राव, गळ्यात कोन बसलंय तुझ्या?" मी सांगितलं. झोपाळा, खळं, आबांचा तळहात. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगतानाही हात तोंडावरच होता. त्यानं तो खाली घेतला नाही, मला लाजवलं नाही. कणीस चोळत म्हणाला, "तुझ्या बापानं तवा हात ठिवला त्यो तुला जपायला. आता हितं जपायचं हाय ते दुसरंच. वरचा मानूस गप ऱ्हायला तर खालच्याचं डोकं फुटंल. साहेबाचं फुटंल. मग मोठ्यानं बोलनं ह्यो मान झाला का अपमान?"

त्यानं चोळलेले दाणे माझ्या हातावर ठेवले.

"आन् आरडायला मान सोडावा लागत न्हाई बघ. 'करा'च म्हन. पर मोठ्यानं म्हन. पाखरांना बी 'उठा' म्हन, आमची काय ना न्हाई. पर त्यास्नी ऐकू गेलं पायजे का न्हाई?"

मी आजवर मोठ्या आवाजाला आणि उर्मटपणाला एकाच दाव्याला बांधलं होतं. हे दावं सोडता येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. थवा परत आला. मी माळ्याच्या बांबूला दोन्ही हातांनी धरलं, म्हणजे हात मोकळे राहणार नाहीत, आणि ओरडलो, "उठाऽऽ!" आवाज मधेच फाटला, कोंबड्याच्या पहिल्या आरवण्यासारखा. चिमण्या उडाल्या नाहीत, नुसत्या थबकल्या. बांधावरून म्हातारी म्हणाली, "हां, आता पाटावरनं उठायला लागल्यात!" मी पुन्हा ओरडलो. पुन्हा. मला आनंद वगैरे झाला असं वाटत असेल तर नाही. प्रत्येक हाकेनंतर मी मागं वळून बघत होतो, कुणाच्या झोपाळ्याची कडी थांबली का म्हणून. दिवस मावळेस्तोवर गळा बसला, ज्वारी मात्र वाचली. उतरताना म्हातारीनं हुरड्याची मूठ माझ्या ओंजळीत रिचवली आणि म्हणाली, "ये रं परत. भलताच सभ्य राखनदार हायेस."

दुसऱ्या टाकीच्या दिवशी चाकावर पुन्हा साहेबच. या वेळी जुना सदरा घालून आले होते. ते पाहून मी आणखीनच शरमलो. मिस्त्री खाली पंपाशी होता आणि मुद्दाम माझ्याकडं पाठ करून उभा होता. पंप सुरू झाला. मी माचीचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. काटा हलला. "चढतोय!" साहेबांनी मान हलवली. पुन्हा, "चढतोय साहेब!" तांबडी रेघ जवळ आली तसा उजवा हात कठड्यावरून सुटू लागला, मला ते दिसत होतं, जणू दुसऱ्या कुणाचा हात आहे. बोटं उचलली गेली. काटा रेघेला टेकला. आणि गळ्यातून जे बाहेर पडलं ते माझ्या ओळखीचं नव्हतं: "बंद कराऽऽ! साहेब, बंद करा!" पत्र्याच्या छपरानं ते उचलून चारी बाजूंना भिरकावलं. साहेबांनी वर पाहिलंसुद्धा नाही, हात चालवला, चाक फिरलं. पंप थांबला. सांधे कोरडे.

इथं थांबलो असतो तर गोष्ट शोभली असती. पण मी शिडीवरून धडपडत खाली उतरलो, साहेबांपुढं उभा राहिलो, तोंडावर हात ठेवला आणि म्हणालो, "साहेब, माफ करा, लई मोठ्यानं बोललो." पंप बंद पडलेल्या त्या शांततेत माझा गळा अजून चाचणीच्याच पट्टीत होता, आणि हाताच्या आडूनसुद्धा ती माफी अख्ख्या शेडमध्ये घुमली. सगळे पोट धरून हसले. साहेबांना आधी कळलंच नाही माफी कशाची ते. मिस्त्री तेवढा जवळ आला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "राव, माफी बी दणक्यात मागितलीस की!" साहेब हसू आवरत म्हणाले, "पुढच्या सगळ्या टाक्यांना हाच वर राहू दे."

त्या कारखान्यात मी पांढरे केस होईपर्यंत राहिलो. मुलं शिकली, घर झालं, आबा म्हातारपणी माझ्यापाशी येऊन राहिले. हे सगळं त्या एका हाकेवर उभं आहे, आणि ती हाक एका शेतकऱ्यानं आपल्या ज्वारीची राखण माझ्या भित्र्या गळ्यावर सोपवून मला दिली. त्याच्या रानात आता नक्की कुठली इमारत उभी आहे ते मला सांगता येत नाही. दुपारी गॅलरीतून अंदाज बांधत बसतो; ओढा बुजला, बांध गेले, खूण म्हणून काही उरलं नाही. तो गेला त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. त्याचे उपकार मानताना नेहमी वाटतं की हे सांगायला एखादा अधिक धीट माणूस हवा होता. कारण लाज माझ्यातून गेली असं मी म्हणणार नाही. बँकेत, दवाखान्यात, सुनेच्या माहेरच्या माणसांपुढं ती अजून येतेच. फरक एवढाच झाला की पूर्वी ती मी बोलायच्या आधी येऊन बसायची. आता बोलून झाल्यावर येते. तिला यायला जो थोडा उशीर होतो, तेवढ्यात मी माझं म्हणणं सांगून टाकतो.