उबलेला ताग

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी ताग कापला, ती माझी चूक नव्हती. पोती उघडली नाहीत, ती माझी.

साठीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. बंगळूरच्या एका शेती संशोधन केंद्रात मी तात्पुरता सहायक होतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि हे मी कुणी न विचारताही सांगत असे. सांगत नसे ते एवढंच, की बेळगावजवळच्या आमच्या गावी वडील ओलं गवत कापून भारे डोक्यावरून शहरात नेत आणि टांगेवाल्यांना विकत.

केंद्रात त्या वर्षी एकच प्रश्न होता. खत म्हणून जमिनीत गाडायला पेरलेल्या तागाच्या अंगात, पान-देठ सगळं धरून, नत्र किती असतं? पिकानं जे साठवलं तेच मातीला परत मिळणार. एकरी वाळलेलं वजन आधीच काढून झालं होतं. आता नव्या नमुन्यातून नत्राची टक्केवारी काढायची आणि त्या वजनाला लावायची. नमुना ज्या दिवशी कापला त्याच दिवशी ओव्हनमध्ये गेला पाहिजे, हे साहेबांनी भिंतीवर लिहून ठेवलं होतं. कापलं म्हणून झाड लगेच मरत नाही. ते श्वास घेत राहतं, अंगातली साखर खात राहतं, आणि दाबून भरलं तर आतून तापतं. नत्र बहुतेक तेवढंच राहतं, वजन घटतं, आणि टक्केवारी उगाच फुगते. हे मला तोंडपाठ होतं.

कापायचा दिवस साहेबांनी ठरवलेला, पण त्या दिवशी पाऊस उघडायला चार वाजले. ताग कापून पोत्यात भरून आणेपर्यंत ओव्हन धुऊनपुसून बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, त्याला कुंकू लागणार, हार पडणार, आणि पूजेला बसलेलं यंत्र दसऱ्यापर्यंत कुणी सुरू करत नसे. तराजूपासून नांगरापर्यंत सगळ्यांना सुट्टी.

आमचे अटेंडर अण्णा कित्येक पिढ्यांचे बंगळूरचे मराठा. त्यांचं मराठी अर्धं कानडी. पूजेच्या सकाळी ते म्हणाले, "सायबा, पोती पसरू काय वऱ्हांड्यात? उबतील न्हवं."

"आत्ता? साहेबांच्या घरची मंडळी येतायत. रांगोळी काढलीय. तो चिखल नको इथं. ठेवा स्टोअरात."

"सरी, ठेवतो. तुम्ही शिकलेले. मी आपला कुंकू लावणारा."

मी इस्त्रीचा शर्ट घालून प्रसाद वाटला.

दसऱ्याला दुपारी पोतं सोडून हात घातला आणि जागीच थबकलो. आत ताप भरलेल्या माणसाच्या काखेसारखं गरम होतं. ही ऊब मला शाळेत जाण्याआधीपासून ठाऊक होती. वडील पहाटे भाऱ्यात कोपरापर्यंत हात घालायचे. गरम लागला तर भारा उकिरड्यावर, कारण घोड्याच्या पोटात दुखलं तर टांगेवाला दारात येणार.

मी हात पुसला. ताग ओव्हनमध्ये टाकला. वाळवला, दळला, ॲसिडमध्ये उकळला, नत्र मोजलं आणि गप्प बसलो.

आकडा आला तो आजवरच्या नमुन्यांत सगळ्यात मोठा. शुक्रवारी साहेब, मूळचे पुण्याकडचे, स्वतः माझ्या टेबलाशी आले. "शाब्बास! सोमवारच्या बैठकीत हाच मांडतो. शेतकऱ्यांना शिफारस याच्यावर जाईल. आणि तुम्हाला कायम करण्याचा कागदही मी त्याच दिवशी पुढे सरकवतो."

ते गेल्यावर बाटल्या विसळता विसळता अण्णा म्हणाले, "तापानं लाल झालेले गाल बघून तब्येत छान म्हणायचं, तसलं झालं."

"तुम्ही तुमचं काम करा, अण्णा."

"तेच करतोय."

उरलेला ताग शनिवारी सकाळी नांगरून गाडायचा होता. तो एकदा मातीखाली गेला की माझा आकडा तपासायला जगात काही उरणार नव्हतं. तसं झालं तर मी कायम होणार होतो. जयनगरात तेव्हा नवी घरं उठत होती आणि मोकळे प्लॉट जास्त होते. तिथल्या माझ्या भाड्याच्या खोलीत त्या संध्याकाळी स्टोव्ह पेटवला आणि भात करपवला.

शनिवारी पहिली बस पकडली, मार्केटला बदलली, तरी पोचेपर्यंत बैल जुंपलेले. तागाचा अर्ध्याहून जास्त तुकडा आडवा झाला होता. मी पँट चिखलात घालत धावलो. "निल्लिसप्पा! स्वल्प थांब!" बैल थांबव म्हणून मी अर्ध्या कानडीत ओरडलो.

नांगऱ्यानं बैल थांबवले आणि हुकूम कुणाचा म्हणून विचारलं.

"माझा," मी म्हणालो. मला हुकूम द्यायचा कसलाही अधिकार नव्हता.

दहा मिनिटांत साहेब बांधावर आले. "कोणी थांबवलं?"

"मी, सर. तो आकडा खरा नाही."

"म्हणजे? मनानं लिहिलात?"

"मोजला तो बरोबर. नमुना बिघडलेला होता. पोती दोन रात्री बंद होती, आत ताग उबला होता."

"पूजा होती. ओव्हन बंद होता." त्यांनी मला वाट काढून दिली होती. मी 'हो' म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं.

"ओव्हन पूजेनं बंद होता, सर. पोती मी बंद ठेवली. अण्णा पसरू म्हणत होते."

"उबला हे कशावरून? थर्मामीटर लावला होता?"

"हात घातला होता."

"हात?"

"माझे वडील गवत विकतात, सर. भारा उबला की हाताला कळतं."

नांगऱ्याला मराठी येत नव्हतं, तरी तो माझ्या हाताकडे बघू लागला. साहेबही.

"दसऱ्यापासून आज शनिवार," ते हळू आवाजात म्हणाले. "इतके दिवस कळत होतं तुमच्या हाताला." मग अण्णांना हाक मारून त्यांनी ओव्हन लावायला सांगितलं आणि मला म्हणाले, "विळा घ्या. तुम्हीच कापा."

मी कापला. कॉलेजला गेल्यापासून विळा धरला नव्हता, पण हात विसरला नव्हता. तासाच्या आत नमुना ओव्हनमध्ये होता.

नवा आकडा बराच खाली आला. साहेबांनी जुन्यावर लाल रेघ मारली, बाजूला 'नमुना उबलेला' असं लिहिलं आणि बैठकीत खालचाच मांडला. माझा कागद मात्र सरकला नाही. त्या वर्षी दुसरा सहायक कायम झाला. मी आणखी दीड वर्ष तात्पुरता राहिलो. राग आला होता, खोटं कशाला सांगू. गावी गेल्यावर वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पोतं सोडायचं कॉलेजात शिकवत न्हाईत व्हय रे?"

पुढच्या आयुधपूजेला माझे नमुने ओव्हनमध्ये होते आणि ओव्हन चालू. अण्णा ताट घेऊन उभे राहिले. "चालत्या यंत्राची पूजा कशी करायची, सायबा?"

"लांबून करा."

त्यांनी कोमट दारावर कुंकू ओढलं आणि मुठीला हार अडकवला. संध्याकाळपर्यंत फुलं कडकडीत वाळली. जाता जाता साहेब थांबले, दोन बोटांनी एक पाकळी चुरली आणि म्हणाले, "हारही त्याच दिवशी वाळवलात. बरं केलंत."