अर्धवट राहिलेलं गाऱ्हाणं

माझा नवरा सरकारी कंपनीच्या तेलाच्या जहाजावर पंपमन आहे. तेल भरणं, उतरवणं, पाइप सांभाळणं हे त्याचं काम. जहाज परदेशी जात नाही; गुजरातेत डिझेल भरायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली मंगळूर, कोचीपर्यंत पोचवायचं. म्हणून लग्नात सगळ्या बायका म्हणाल्या, पोरगी नशीबवान, घोव कायम नजरेच्या टप्प्यात. डोंबलाचा टप्पा. त्या उन्हाळ्यात युद्ध सुरू झालं आणि मोबाइलवर मला रोज दिसणारा त्याच्या जहाजाचा ठिपका एका सकाळी नाहीसा झाला.

दुपारी कंपनीच्या ऑफिसातून फोन. एक साहेब अगदी मऊ, शुद्ध मराठीत म्हणाले, "ताई, घाबरू नका. ठिपका दाखवणारी ती यंत्रणा आम्हीच बंद केलीय. फक्त जहाज कुठं आहे, कधी निघणार, याबद्दल कुणाशीही बोलू नका. असं एखादं बोलणं भलत्या कानावर गेलं तर सगळ्यांच्या जिवाशी येईल." मी म्हटलं, मलाच माहीत नाही तर बोलणार काय, कपाळ? खरंच नव्हतं माहीत. नवऱ्यानं मला एवढंच सांगितलं होतं की फोन बंद राहील, काळजी करू नको.

स्वतःच्या आईला मात्र लाडक्या लेकानं सगळं सांगितलं होतं.

ते मला कळलं देवळात. आमच्याकडे माणूस संकटात असला की ग्रामदेवाला गाऱ्हाणं घालतात. देवापुढे नारळ ठेवून गावकर, म्हणजे गावचा मानकरी, मोठ्या आवाजात देवाला हकीकत सांगतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. सासूनं गाऱ्हाणं ठरवलं याचा मला आनंदच झाला होता. माझाही जीव टांगणीला लागलेला. गावकर देवापुढे बसून तयारी करत होता तेव्हा ती माझ्या कानाशी लागली. "तो खंयच्या बंदरातसून सुटलो, उद्या सांजेक आपल्या गावासमोरसून कसो जातलो, सगळा सांगलंय गावकरांका."

मी तिचा हात धरला. "आई, ता बोलाचा नाय. ऑफिसातसून फोन इल्लो."

"देवाक सांगूचा नाय?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "अर्धवट सांगला तर देव तेका खंय शोधीत बसतलो?"

गाऱ्हाण्यात नाव, गाव, ठिकाण चुकलं तर देवाची राखण भलतीकडे जाते, हे मीही लहानपणापासून ऐकत आले. हळू सांगा म्हणावं, तर गावकराचा आवाज पार बाजारात पोचणारा. तेवढ्यात माझं लक्ष खांबाकडे गेलं. आंब्यांसाठी मुंबईहून आलेला माझा चुलत दीर मोबाइल उंच धरून उभा होता. देवळातलं सगळं तो गावच्या पेजवर लाइव्ह दाखवतो. मुंबईतली, आखातातली, कुठकुठली माणसं ते बघतात.

गावकर सुरू झाला. "बा देवा म्हाराजा, तुझा ह्या लेकरू आज दर्यात आसा."

"व्हय म्हाराजा."

"सरकारी तेलाच्या जहाजार चाकरीक आसा."

"व्हय म्हाराजा."

मी दिराला हातानं खुणावत होते, बंद कर, बंद कर. त्याला वाटलं, वहिनीला व्हिडिओत यायचंय. मेल्यानं मोबाइल माझ्याकडे वळवला. मध्ये पुरुषांची ही गर्दी, जायला वाट नाही.

"ता जहाज काल सकाळी..."

"थांबा," मी ओरडले.

गाऱ्हाणं मध्येच कुणी तोडत नाही. बाईनं तर नाहीच नाही. गावकराचा हात नारळावर तसाच राहिला. मी माणसांना ढकलत गेले, दिराच्या हातातला मोबाइल हिसकावला आणि बंद केला. "वहिनी, आपलीच माणसां बघतत," तो म्हणाला. "तुझी माणसां तुझ्याकडेच ठेव," मी म्हटलं. गावकरानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा देवाकडे, आणि नारळ न फोडताच तो उठला. तोडलेलं गाऱ्हाणं लगेच पुन्हा घालता येत नाही. आधी देवाची माफी मागायची, मग कौल लावायचा, आणि देवानं होकार दिला तरच पुढचं.

सासू माझ्यापुढे चालत घरी आली. उंबरठ्यावर वळली आणि म्हणाली, "माझ्या झिलाचा काय बरावाईट झाला तर ता तुझ्या माथ्यार." त्या दिवसापासून ती स्वतःची भाताची पेज वेगळी शिजवायला लागली. मला तिचा राग आला, नवऱ्याचा तर त्याहून जास्त. पण खरं सांगते, भीती सगळ्यात मोठी होती. त्याच्यासाठी देवाशी चाललेलं बोलणं मीच बंद पाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सड्यावर, गावावरच्या कातळाच्या पठारावर गेले. तिथून समुद्र लांबपर्यंत दिसतो. सासू आधीच येऊन बसली होती. उत्तरेकडून, विजयदुर्गाच्या बाजूनं एक काळं, लांबडं जहाज दिवे न लावता आलं आणि हळूहळू दक्षिणेला कुणकेश्वराकडे सरकत गेलं. त्याचंच की दुसरं कुठलं, आम्हा दोघींनाही सांगता आलं नसतं. सासूनं हात जोडले. ओठ हलायला लागले, मग माझ्याकडे बघून तिनं ते मिटून घेतले. अंधार पडायच्या आत आम्ही एकीमागून एक खाली उतरलो.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. फोन वाजला की दोघी धावायचो आणि पलीकडे काजूचा व्यापारी असायचा.

युद्ध अजून थांबलेलं नव्हतं तेव्हा एका सकाळी त्याचा फोन आला. माझे हात काजूच्या चिकानं माखलेले, म्हणून सासूनं उचलला. त्याचा आवाज मला चुलीपर्यंत ऐकू आला. "आये, मी बरो आसंय. आता आमी..."

सासूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं त्याला पुढं बोलू दिलं नाही. "बरो आसस ना? मगे पुरे," ती म्हणाली. "खंय आसस ता माका सांगू नको."