वीस व्होल्टचा वारा

सासऱ्यांचं बियाण्याचं भात मी उडवलं, ही गोष्ट खरी आहे. जुगारात नव्हे, हवेत.

माझी सासुरवाडी कळंबची. आम्ही राहतो दहिवलीला आणि मी खालापूरकडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. दिवसभर नटबोल्ट. घरी आल्यावर मात्र मी शास्त्रज्ञ असतो (माझी बायको मनीषा याच गोष्टीला 'पसारा' म्हणते).

त्या सुमारास माझ्या हाती एक नवं खूळ लागलं होतं. ट्रिगर बोर्ड! बोटाच्या पेराएवढी पट्टी. एका बाजूला मोबाइलच्या फास्ट चार्जरची टाइप-सी वायर खोचायची, दुसऱ्या बाजूने आपल्याला हवी ती वस्तू चालवायची. फास्ट चार्जरचं वागणं अगदी सासुरवाडीसारखं. गप्प बसलात तर पाच व्होल्टचा चहा. पण नीट मागितलंत तर नऊ, बारा, पंधरा, वीस, थेट कोंबडीचा रस्सा आणि तांदळाची भाकरी! ही पट्टी आपल्या वतीने मागते. बटण दाबलं की मागणी एक पायरी वर. मी घरातला दिवा, जुना रेडिओ आणि देवघरातलं कारंजं असं सगळं तिच्यावर चालवून दाखवलं. शेवटच्या प्रयोगात बाळकृष्णाला नको इतकी आंघोळ झाली, पण विज्ञानात असं चालायचंच.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा फोन आला. "जावईबापू, भात झोडून पडलंय खळ्यावर, पन वारंच नाय! आभाळ भरून आल्यासारखं वाटतंय."

बाकीचं भात मशीनवर निघालं होतं. पण बियाण्याचं भात मामा हाताने झोडतात, मशीनमध्ये दाणा फुटतो म्हणून. ते वाऱ्यावर उफणायचं, पोल म्हणजे पोकळ दाणा उडून जाऊ द्यायचा आणि भरला दाणा कणगीत ठेवायचा. भिजलं तर मोड येणार आणि पुढच्या सालची पेरणी बाजारच्या बियाण्यावर. घरचं बी सोडून बाजारचं बी म्हणजे मामींच्या दृष्टीने घराण्याची नाचक्कीच!

"वारा मी घेऊन येतो," मी म्हणालो.

मनीषाने कपाळाला हात लावला.

माझ्याकडे कुलरचा जुना बारा व्होल्टचा पंखा होता. घरी चार्जरवर तो बारा व्होल्टला झकास फिरला. तो, पट्टी, वायरी आणि चार्जर पिशवीत भरून आम्ही कळंब गाठलं. खळं सारवून लख्ख केलेलं, मधोमध भाताची रास. पलीकडे तीन दगडांच्या चुलीवर मामींनी जावयासाठी कोंबडी शिजत घातलेली. रीतीप्रमाणे जावयाला खळ्यावर कशालाच हात लावू देत नाहीत. त्याने खुर्चीत बसायचं आणि "यंदा पीक बरं दिसतंय" असं म्हणायचं. मी ती खुर्ची उचलली, राशीसमोर ठेवली आणि तिच्यावर पंखा बांधला.

"अगं बाई, खुर्ची कशाला बांदताय?" मामी.

"मामी, नुसतं बघा!"

बघायला पहिली गोष्ट मिळाली ती अशी, की गावात वीज नव्हती. चार्जर शोभेचा झाला. पण शास्त्रज्ञ डगमगत नसतो. मी मनीषाची पॉवर बँक मागितली.

"माझी? आणि बिघडली तर?"

"बिघडायला काय झालं! पट्टी फक्त मागते. द्यायचं की नाही ते पॉवर बँकेने ठरवायचं."

पॉवर बँकेने ठरवलं. बारा व्होल्ट हा पदार्थ तिच्याकडे नव्हताच! (सगळ्यांकडे तो नसतो, ही माहिती मी नंतर वाचली. माझं वाचन नेहमी नंतर असतं.) तिने आपले नऊच दिले. पंखा अनिच्छेने फिरू लागला. मामांनी सुपातून भात सोडलं. दाणा आणि पोल दोघेही गळ्यात गळे घालून सरळ खाली आले.

"ह्यो पंखा हाय का सुस्कारा?" मामांनी विचारलं.

मी बटण दाबलं. पंधरा! पंखा फुरफुरला. पोल भुर्रकन बाजूला आणि भरला दाणा टपटप ताडपत्रीवर. देखणं दृश्य होतं. मामांचा चेहरा असा फुलला, की लग्नात मला पाहूनही इतका फुलला नव्हता.

"जमलं की वो!" मनीषासुद्धा म्हणाली.

इथे थांबायला हवं होतं. पंखा बाराचा, देतोय पंधरा, हे मला कळत होतं. पण कौतुक ऐकलं की माझ्या अकलेचा पुरवठा खंडित होतो.

"ह्याच्या वरती काय हाय का?" मामांचे डोळे चमकले.

"वीस आहे. पण..."

"मंग ठेवलंय कोनासाठी? वाडवा!"

मी वाढवलं.

एक घरघर झाली आणि प्लॅस्टिकची खुर्ची सारवलेल्या खळ्यावरून चालायला लागली. खरोखर चालायला! चार पावलं मागे सरकली, गर्रकन वळली आणि पंख्याचं तोंड साफ केलेल्या बियाण्याकडे झालं. पुढच्या क्षणी पोल, दाणा, कचरा सगळ्यांनी एकदमच उड्डाण केलं.

"आरं धरा रं!" मामा ओरडले. मी खुर्ची धरायला धावलो, मामा पंख्याकडे धावले आणि आमची डोकी मध्यावर भेटली. तोवर पंख्याने चुलीकडे मोहरा वळवला होता.

"माजी कोंबडी!" मामींनी पातेल्यावर पदर धरला. उशीर झाला होता.

"बंद कर, अहो बंद करा!" मनीषा किंचाळली. मी बटण शोधत होतो. बटण भुशात होतं. शेवटी तिनेच शांतपणे वायर उपटली. पंख्यातून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि खळ्यावर शांतता पसरली.

फार नाही पसरली. शेजारच्या हौसाकाकूंच्या अंगणात बियाण्याचा सडा पडला होता आणि त्यांच्या कोंबड्यांना दिवाळीचा फराळ उशिरा, पण भरपूर मिळाला होता.

"काकू, कोंबड्या आवरा!" मी.

"का म्हनून? त्यांनी मागितलं नव्हतं, तुमीच वाडलंत!"

मामी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ह्यांनी तोंड उगडायचं नाय. तुमीपन नाय. झाडू घ्या!" मग सासरा आणि जावई, दोघांनी खराटे घेऊन काकूंचं अंगण झाडलं. कोंबड्या हाकलत झाडलं. मनीषा सुपाने पाखडत होती. हाती बरंचसं बी आलं. मामींनी मूठभर हातात घेऊन फुंकर मारली, निरखलं आणि म्हणाल्या, "पुरंल पेरनीला." माझ्या जिवात जीव आला. खरं सांगतो, एवढा आनंद मला पट्टी चालली तेव्हाही झाला नव्हता.

आणि तेवढ्यात डोंगराकडून वारा सुटला! खराखुरा, फुकटचा. त्याच्यामागे टपोरे थेंब. बी गोळा करून ताडपत्रीने झाकेपर्यंत ताडपत्री फडफडून उडायला लागली. तीन कोपऱ्यांवर दगड ठेवले, चौथ्याला दगड मिळेना. मामींनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली.

"जावईबापू, हितं बसा."

मी बसलो. पावसात, भुशाचा रस्सा भुरकत, सर थांबेपर्यंत बसलो. बियाण्याचा एक दाणा भिजला नाही.

आता दरवर्षी भात झोडून झालं, की मामांचा फोन येतो. "जावईबापू, पंखा ऱ्हाऊ द्या घरी. तुमी तेवडं या." त्या दिवशी भात उडालं, पंखा उडाला, इज्जतही उडाली. एवढ्या वादळात जागचा हलला नाही असा सबंध खळ्यावर मीच एक भरला दाणा निघालो.