विहीणबाईंची माळ

अख्ख्या भोर तालुक्यात पोपची इतकी काळजी वाहणारा माणूस माझ्या सासऱ्यांशिवाय दुसरा नसेल. भाटघर धरणाचे दरवाजे उघडण्याची नोकरी संपली आणि पपा पूर्ण वेळ प्रोटेस्टंट झाले. तारण फक्त कृपेनं, फक्त विश्वासानं. मध्ये फादर नको, संत नको, पोप तर नकोच. हे ते कुणालाही सांगत. गॅसवाल्यालासुद्धा त्यांनी दारात अडवून विचारलं, "माणूस कशानं तरतो?" तो म्हणाला, "काका, आधी टाकी आत घ्या." पपांना तो फार आवडला. "थेट मुद्द्यावर येतो," म्हणाले. मी कॅथलिक घरातली. तरी आमच्या लग्नाला त्यांनी हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, केवढं मोठं मन! मन मोठं आहेच, पण वादाला घरचं माणूस मिळणार हा आनंद त्याहून मोठा होता. मी निघाले आळशी. "हो पपा" म्हणून मोकळी व्हायचे, आणि ते बिचारे हिरमुसायचे.

मग माझी आई आमच्याकडे राहायला आली आणि पपांचं नशीब उघडलं. आई दिवेलागणीला जपमाळ घेऊन येशूच्या आईची, मारियेची प्रार्थना मोठ्यानं म्हणायची, एका मण्याला एक, मणी सरकवत. ओसरीवरून पपा ओरडायचे, "विहीणबाई, तिला कशाला मध्ये घालता? थेट देवाशी बोला की!" आई म्हणायची, "तुमी बोला थेट. माजी तिच्याशी वळख हाय." एकदा पपांनी धरणच काढलं. "पाऊस देवाचा, पाणी देवाचं. कृपाही तशीच. त्यात फादरचं काय काम?" आई माळ न थांबवता म्हणाली, "मंग दरवाजा उघडाय सरकारनं तुमाला कशाला ठिवलं व्हतं?" दुसऱ्या दिवशी चहाला पपा म्हणाले, "उत्तर चूक आहे, पण झकास आहे."

पुढे आईनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी मान हलवली. तिला शेवटच्या प्रार्थनेला फादर हवे होते, आणि या उंबऱ्याच्या आत फादरचं पाऊल पडणार नाही, असं पपांनी भर पाहुण्यांत सांगितलेलं. माझी तर विचारायची छाती होईना. शेवटी आईच म्हणाली, "व्याही, तुमचंच खरं असंल. पन मला फादरबिगर जायाचं भ्या वाटतं."

पपांनी गाडीची चावी उचलली आणि गेले. पुण्याहून एसटीनं आलेल्या फादरना त्यांनी शिवऱ्याच्या फाट्यावरून आणलं. गाडी अंगणात शिरली तरी आतून पपांचा आवाज येतच होता. "येशूनं पेत्राला स्वर्गाच्या किल्ल्या दिल्या, कबूल! पण पुढच्या पोपांना दिल्याचं कुठं लिहिलंय?" फादर घामाघूम होऊन उतरले. उंबऱ्याशी पपा क्षणभर थांबले, मग बाजूला होऊन म्हणाले, "या फादर. आत या. त्या वाट बघतायत."

फादरनी आईच्या कपाळाला पवित्र तेल लावलं आणि मारियेची प्रार्थना सुरू केली. अर्धी फादरनी म्हणायची, उरलेली अर्धी घरच्यांनी. फादर थांबले. मी आईची उशी सारखी करत बसले, माझं म्हणायचं राहूनच गेलं. तेवढ्यात दारातून पपांचा धरणावरचा खणखणीत आवाज आला. उरलेली अर्धी, अक्षर न् अक्षर बरोबर. फादर पुन्हा थांबले, पपांनी पुन्हा म्हटली. आईनं डोळे उघडले.

"व्याही, पाठ केली व्हय?"

"चुका काढायला ऐकत होतो."

"घावल्या का?"

"बघतोय अजून," पपा म्हणाले आणि तोंड फिरवून डोळे पुसायला लागले. असा माणूस मला सासरा म्हणून मिळाला, याचा मला अभिमान वाटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई शांतपणे गेली. त्यानंतर दिवेलागण झाली की घर खायला उठायचं. पपा बायबल उघडून बसत, पण पान उलटत नसे. मला ते बघवेना. म्हणून आईची माळ घेऊन मीच मोठ्यानं म्हणायला लागले. ओसरीवरून लगेच आलं, "अगं, थेट बोल की देवाशी!" ते ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

परवा म्हणता म्हणता कुकरची शिट्टी झाली, माझं लक्ष उडालं आणि बोट एक मणी सोडून पुढे गेलं. बाहेर पपा खाकरले.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "विहीणबाईंची एक राहिली."