काकीला न विचारलेला प्रश्न

धानीकाकी कुणाशी बोलायला उभी राहिली की डाव्या अंगाला काहीतरी धरायची. सूप, घमेलं, नाहीतर शेजारणीचं लेकरू. काहीच नसलं तर पदराचा बोळा. ऑपरेशननंतरची ही सवय. तांड्यात फारशी कुणाच्या लक्षात आली नसेल. मला आली, कारण तिच्यामागे माझीही एक चूक होती.

त्याआधीची काकी वेगळी होती. दिग्रसजवळच्या आमच्या तांड्यात कांचळी, म्हणजे आरसे लावलेली, पाठीवर बंदांनी बांधायची चोळी, तिच्याइतकी नेटकी कुणी शिवत नसे. एखाद्या नवरीची सैल दिसली तर भर मांडवात म्हणायची, "हे कांचळी हाय का गोणपाट?" सणाला ती स्वतः कांचळी घालून निघाली की काका उगाच खाकरायचा.

काकीच्या छातीत गाठ निघाली तेव्हा काकासोबत मी यवतमाळला गेलो. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, म्हणून डॉक्टरांनी मलाच बाजूला घेतलं. स्तन काढावा लागेल, म्हणाले. पण पुढे नागपूरला नवा तयार करून घेता येतो, त्याचे कागद आत्ताच पाठवावे लागतील. "त्यांना हवंय का, विचारून या."

मी वॉर्डात गेलो. काकी खाटेवर होती, काका पायथ्याशी. तो शब्द त्यांच्यासमोर कसा उच्चारायचा? मी पाण्याची बाटली भरून ठेवली आणि परत जाऊन सांगितलं, "नको म्हणतात." मनात म्हटलं, पन्नाशीची बाई, तिला कशाला हवं असेल?

घरी आल्यावर काकी पोलक्यात कापूस भरू लागली. निंदताना वाकली की तो गळ्याशी यायचा. बायका हसायच्या, "धाने, मालकाचा कापूस चोरून राह्यली काय व?" तीही हसायची. हळूहळू मात्र ती वावराच्या पार कडेची ओळ धरून एकटीच निंदू लागली. लग्नाचं बोलावणं आलं की तिचं डोकं दुखायचं. कांचळ्या शिवणं तिनं सोडलं. कुणी विचारलं तर, "मले आता दिसत नाही, बाप्पा." सुईत दोरा मात्र ती पहिल्याच खेपेला ओवायची.

दोन वर्षांनी दुखणं हाडांत उतरलं. पुन्हा तोच दवाखाना. ती जाण्याच्या आठ दिवस आधी, काका चहा आणायला खाली गेला असताना, मी तिला सगळं सांगून टाकलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती वरच्या पंख्याकडे बघत राहिली.

"डाक्टरनं काय इचारलं होतं? तसंच्या तसं इचार मले."

मी मान खाली घातली. "काकी, तुले नवा स्तन करून पाहिजे का?"



"हो," ती म्हणाली. "पाहिजे."

जिन्यावर काकाच्या चपला वाजल्या. तिनं माझं मनगट धरलं. "त्याले सांगू नको. म्हणंल, मरताना हिले नटणं सुचलं."

काका आत आला. "काय बोलून राह्यले व दोघं?"

"काही नाही," काकी म्हणाली. "पोराच्या अभ्यासाचं इचारत होती."