पहिल्या पीसवरचा अंगठा

"थांबा, मला बघू द्या," असं म्हणून ते चष्मा कपाळावर चढवायचे, डोळे मिटायचे आणि पत्र्याच्या तुकड्याच्या कडेवरून उजव्या हाताचा अंगठा सावकाश फिरवायचे. तोवर प्रेस मशीन बंद आणि कामगार गप्प. मग डोळे उघडून म्हणायचे, "करा चालू." त्यानंतर शिफ्ट सुरू व्हायची.

भोसरी-चाकणची कारखानदारी तुम्ही जवळून पाहिली असेल, तर पहिल्या पीसचं हे प्रकरण तुम्हाला नवं नाही. पत्रा कापला की कडेला बारीक धार राहते, तिला आमच्याकडे बर म्हणतात. ती राहून गेली तर पुढे मोठ्या कंपनीत जोडणी करणाऱ्याचा हात कापतो आणि अख्खा लॉट परत येतो. म्हणून पहिला पीस तपासून ओके करायचा, मगच मशीन पळवायचं. इतर ठिकाणी हे काम पगारी माणूस करतो. इथे मालकाखेरीज कुणी करायचं नाही, असा मालकाचाच नियम होता.

कामगार त्यांना दादा म्हणायचे, मीही तेच म्हणू लागलो. आयटीआय करून लातूरकडून आलेला माणूस. आधी दुसऱ्याच्या प्रेसवर राबले, मग भोसरीत स्वतःची शेड टाकली. मी छोट्या उद्योजकांना धंदा वाढवायला शिकवतो. माझ्या कार्डावर बिझनेस कोच असं छापलंय, पण माझी आई शेजारीपाजारी 'क्लास घेतो' एवढंच सांगते.

दादा काही माझ्याकडे आपल्या पायांनी आले नाहीत. त्यांना वहिनी घेऊन आल्या. वहिनी निगडीला शाळेत शिकवायच्या, आणि बोलणं वर्गात बोलावं तसं स्वच्छ.

"सर, कंपनी वाढवा नाहीतर आहे तेवढीच राहू द्या. मला हा माणूस घरी हवाय. माझी सुट्टी रविवारी, यांच्या भोसरीची गुरुवारी. लग्न झाल्यापासून आमची सुट्टी एका दिवशी आलेली नाही."

दादा शेजारी बसून ओशाळं हसत होते. "गुरुवारी मशीनचं मेंटेनन्स असतंय सर. सुट्टी कुठली आलीय?"

मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "आणून देतो घरी." त्या दिवसापासून वहिनींच्या दृष्टीने माझं काम तेवढं एकच होतं.

माझी एक ठरलेली परीक्षा आहे. मालकाने एक दिवस कंपनीत पाय ठेवायचा नाही, फोन बंद ठेवायचा. त्याच्यावाचून कंपनी चालली तर ती कंपनी, नाही तर मालक तिथला सगळ्यात जास्त राबणारा नोकर. दादा लगेच तयार झाले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. परीक्षेच्या दिवशी दुपारी मी भोसरीतून चाललो होतो. त्यांच्या गेटसमोरच्या टपरीवर एक गृहस्थ डोक्यावरचं हेल्मेट न काढता, काच जरा वर करून चहा पीत होते.

"दादा?"

"आत गेलो न्हाई सर," ते घाईने म्हणाले. "तुमची अट मोडली न्हाई."

मी पोट धरून हसलो. तेही हसले, पण त्यांची नजर गेटवरून हलली नाही.

तरी शिकवणं वाया गेलं असं मी म्हणणार नाही. सगळं काम एकाच मोठ्या गिऱ्हाइकाकडून यायचं आणि त्या साहेबाचा फोन वाजला की यांचा जीव वरखाली व्हायचा. मी त्यांना नव्या कंपन्यांच्या दारात उभं केलं. घाबरून कमी भाव सांगायची सवय मोडली. प्रत्येक शिफ्टला सुपरवायझर नेमायला लावला. कामं वाढली, माणसं वाढली आणि चाकणला दुसरी शेड उभी राहिली. नव्या बॅचला मी अभिमानाने त्या शेडचा फोटो दाखवू लागलो.

मग वहिनींचा फोन आला. "सर, छान शिकवलंत. भोसरीला गुरुवारी सुट्टी, चाकणच्या शेडला रविवारी. आता यांना दोन्ही वारी काम."

पहिला पीस अजून दोन्हीकडे दादाच बघत होते. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये दादा अडकलेले आणि तिकडे चाकणला त्यांच्या अंगठ्यासाठी मशीन अडकलेलं, असं रोज चालायचं. "हे एवढं सोडा," मी म्हणायचो. "एवढं सोडून बोला," ते म्हणायचे.

एका सकाळी मी भोसरीच्या शेडवर होतो. दादांनी डोळे मिटून अंगठा फिरवला, म्हणाले, "करा चालू," आणि चाकणला जायला गाडीत बसले. पीसच्या कडेला रक्त लागलेलं मला दिसलं. अंगठा चांगला चिरला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. त्यांना बरीच वर्षं साखरेचा त्रास होता, एवढं मला माहीत होतं.

मशीनवर मंदाताई होत्या, चाकणकडच्याच एका गावच्या, दादांच्या पहिल्या दिवसापासूनच्या. त्यांनी पीस चिंधीने पुसला, मशीन सुरू केलं नाही आणि पत्रा कापणाऱ्या साच्याचं, म्हणजे डायचं, सेटिंग पुन्हा करायला लावलं. मी जवळ गेलो.

"ताई, दादांनी ओके दिलाय ना?"

"व्हय. पर त्यांच्या बोटाला काय कळत न्हाई आता. लई दिस झालं. ते गेले की आमी बगतो आन मग चालू करतो." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "त्यांना बोलू नगा सर. त्यांना वाईट वाटंल."

न बोलून कसं चालेल? त्या संध्याकाळी गाडीत मी विषय काढला. दादा पुढच्या ट्रककडे बघतच म्हणाले,

"मंदाताई मागून बघती, ते मला ठाऊक हाय. मला ठाऊक हाय, हे तिलाबी ठाऊक असंल. चाललंय तसं चालू द्या की, सर." मग आवाज उतरला. "तिथं उभा ऱ्हायलो न्हाई तर मी दिवसभर करू काय?"

मला त्यांची फार कीव आली आणि तितकाच रागही आला. कोंडणारं कुणी नव्हतं. दार उघडं होतं, हे त्यांना चांगलं दिसत होतं, आणि तरी ते आतच उभे होते.

पण माणूस खरा. त्या खंडेनवमीला भोसरीत मशीनची पूजा झाली, झेंडूचे हार चढले, पेढे वाटले. दादांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. "उद्या दसरा. परवापासनं पहिला पीस इथं मंदाताई ओके करतील, चाकणला तिथला सुपरवायझर. माझ्याकडं आणायचा न्हाई. मला आता हाताला लागत न्हाई."

कुणी टाळी वाजवली नाही. मंदाताई रागाने रडू लागल्या. "म्हंजी आमी तुमाला काडून टाकलं म्हनायचं का?"

दादांनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि घरी गेले.

त्यानंतर कंपनी आणखी वाढली. मालक घरी बसूनही धंदा पळतो, याचं माझ्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण ते होते. वहिनीही निवृत्त झाल्या. मी दिलेला शब्द पाळला, असं मला मनापासून वाटत होतं. पुढच्या उन्हाळ्यात दुपारच्या झोपेतच दादा गेले.

त्यांचे दिवस झाल्यावर मी वहिनींना भेटायला निगडीला त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, "निदान काही महिने तरी ते घरी होते."

"होते ना," वहिनी म्हणाल्या. "त्या खुर्चीत बसायचे. मी विचारलं की हो म्हणायचे, नाही म्हणायचे. मलाही सुचायचं नाही. इतकी वर्षं आम्ही बोललो ते डबा, औषधं आणि मुलांची फी एवढंच. जेवताना दोघंही टीव्हीकडे बघायचो."

मग त्यांनी जरा संकोचून विचारलं, "सर, कंपनीत ते बोलायचे का हो?"

खोटं सांगणं मला जमलं नाही. "खूप बोलायचे."

"हसायचे?"

"हो."

वहिनींनी पंखा वाढवला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"मग सांगा ना," त्या म्हणाल्या. "कसे होते?"